पिवळ्यात उतरलेली लाली

सकवारबाईंच्या खानावळीत भात गुलाबी निघाला, तेव्हा पोस्टातला एक बेळगावकर कारकून म्हणाला, "बाई, आज लग्न कुणाचं? आम्हाला आमंत्रण नाही ते!"

*

नवा नळ बसला की पहिले काही दिवस पाण्याला पितळेची चव येते. मग येईनाशी होते. की आपल्याला कळेनाशी होते?

*

स्वतःच्या परसात खड्डा खणताना शेजाऱ्याला विचारायची पद्धत नाही.

*

अंबुबाई धुण्याच्या दगडावरून म्हणाली, "देवीची कृपा. यंदा दोर कमी लागतो."

*

हिंगुलांबा देवीपुढे ताट. ताटात कुंकवाचा ढीग. सकाळी रचला तसाच दुपारी. त्यात एका बोटाचाही ठसा नाही.


ताट

सत्तावन सालच्या चैत्रात बंगळुरात कब्बनपेटेतल्या एका गल्लीत पिराजी भावसाराचं पिवळं रेशीम बिघडलं.

लग्नसराई होती. विणकर पिवळ्या लड्यांची वाट बघत होते. हळदीसारखा लख्ख रंग हवा होता. काहिलीतून निघाला तो पिकून फुटायला आलेल्या आंब्यासारखा, लाली मारलेला. पहिल्यांदा पिराजीने मनावर घेतलं नाही. रंगात असं होतं कधी कधी. त्याने नवी पूड उघडली, काहील पुन्हा घासायला लावली. दुसरा घाणाही तसाच निघाला. तिसराही. लाल ठीक, जांभळा ठीक, काळपट हिरवा ठीक. फक्त पिवळा.

म्हणजे कोणीतरी पिवळ्यावरच टपलेलं होतं.

रंगात घात झाला तर या गल्लीत पोलिसांकडे जात नाहीत. देवीपुढे कुंकवाचं ताट ठेवतात. ज्याच्यावर संशय, त्याने चिमूट उचलायची आणि म्हणायचं, "माझ्यामुळे रंग बिघडला नाही." खोटी चिमूट उचलणाऱ्याच्या हाताला पुन्हा रंग धरत नाही, असं रंगारी मानतात.

पिराजीने चौघांना बोलावलं. काहिलीवर उभा राहणारा मल्लाप्पा. हाताखाली काम शिकणारा पुतण्या पद्माकर. स्वतःची बायको अंबुबाई. आणि भिंतीपलीकडची खानावळवाली सकवारबाई, कारण तिच्याशी जुनं भांडण होतं.

मल्लाप्पाने हात पुढे केला. ताटावर तो थोडा वेळ तसाच राहिला. मग मागे गेला.

"झालं," पिराजी म्हणाला. "कळलं मला."

"काका, स्वल्प थांबा," पद्माकर म्हणाला. "मीसुद्धा नाही उचलत."

सकवारबाईने पदर डोक्यावर ओढला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अंबुबाई तर उंबऱ्याच्या आतच आली नव्हती.

चौघांपैकी एकानेही कुंकू उचललं नाही.


करार

श्रीधररावांना बोलावणं आलं तेव्हा ते जेवत होते. कोर्टातून निवृत्त झालेले अमीन; जप्त्या करण्यात जन्म गेला. बायको वारल्यापासून दोन्ही वेळा सकवारबाईंच्या पंक्तीला. गुलाबी भात त्यांनीही खाल्ला होता, आणि तो पुन्हा पांढरा झाला तो त्यांच्यामुळेच.

त्याची हकिकत अशी. पिराजी वापरलेलं रंगाचं पाणी परसातल्या खड्ड्यात ओतायला लावायचा. खड्ड्यातून ते जमिनीत मुरायचं आणि सकवारबाईंच्या विहिरीत निघायचं. बाई कोर्टात जायला निघाल्या. श्रीधररावांनी त्यांना थांबवलं. कोर्ट काय असतं, हे त्यांना आतून माहीत होतं. त्यांनी दोघांना पिराजीच्या ओट्यावर बसवलं.

"बाई, विहीर तुमची. तिच्यात स्वच्छ पाणी असणं हा तुमचा हक्क. पिराजी, खड्डा बंद केलास तर तुझा धंदा बंद. बरोबर? मग हक्क विकत घे."

पिराजीने सकवारबाईंकडे कॉर्पोरेशनचा नळ आणून दिला, त्याची पट्टी कायम आपण भरायची कबूल केली. बाईंनी विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि तक्रार सोडली. दोघंही खूश. तेव्हापासून गल्लीत कोणाचं छप्पर कोणाच्या भिंतीवर गळलं, कोणाची भट्टी कोणाच्या धुण्यावर धुरकटली, तरी लोक श्रीधररावांकडे येत. ते म्हणत, "भांडण म्हणजे न ठरलेला सौदा." हे वाक्य त्यांना फार आवडे.

"शुक्रवारी गल्लीतले रंगारी बसणार," पिराजी त्यांना म्हणाला. "तोवर मल्लाप्पाने कुंकू उचललं नाही तर कब्बनपेटेत एकाही काहिलीला त्याचा हात लागणार नाही."

"आणि लागला नाही तर तो करील काय?"

मल्लाप्पाला दुसरं काहीच येत नव्हतं.

"तुम्हीच शोधून काढा," पिराजी म्हणाला. "सौदा तुम्ही केलात. बाईने तो मोडला असेल तर तेही सांगा."

श्रीधररावांना राग आला. आपल्या सौद्यात भोक? शक्यच नव्हतं.


भिंतीपलीकडे

"बाई, कुंकू का नाही उचललंत?"

"भाकरी निवेल. खा आधी."

"खातो. का नाही उचललंत?"

"आमटी वाढू?"

"सकवारबाई."

त्या पाटावर बसल्या. "मी शाप दिला होता."

"कधी?"

"नळ आला त्या दिवशी. पहिली कळशी भरली आणि तोंडातून गेलं. म्हटलं, माझ्या विहिरीचं जे केलंस ते तुझ्या विहिरीचं होवो. सासूने खणवलेली विहीर हो माझी! तिच्यावर फळ्या ठोकल्या मी, एका पितळी तोटीसाठी. नळ पण घेतला आणि शाप पण दिला. दोन्हीकडून खाल्लं मी, श्रीधरराव. कुंकवाला हात कोणत्या तोंडाने लावू?"

"शापाने रेशीम रंगत नाही."

"मग कशाने रंगलं?"

श्रीधररावांनी भाकरी मोडली. पांढऱ्या भाताकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हातातला तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला.


पेटी

पद्माकर सापडला तो सामान बांधताना. पेटीत दोन शर्ट, दाढीचं सामान, आणि तळाशी कागदाची एक जाड पुडी. श्रीधररावांनी ती उचलली. बाहेर छापलं होतं: राणी रंग.

गडद गुलाबी. पिवळ्यात पडला तर लाली येणारच.

"हे काय आहे?"

"पूड."

"ते दिसतंय. काकाचा पिवळा बिघडतो आणि पुतण्याच्या पेटीत राणी रंग निघतो. आणि पेटी बांधून झालीय. कुठे निघाला होतास?"

पद्माकरचे कान लाल झाले. "विमानांच्या कारखान्यात भरती चालू आहे. काका सोडत नाहीत. म्हणतात, भावसाराचा पोर पत्रा ठोकणार? मला वाटायचं, ही ऑर्डर बुडावी. एकदा काय ते बुडू दे आणि मला मोकळं करू दे. रोज वाटायचं. मग खरंच बिघडलं. मी उचललं असतं कुंकू, पण देवीला काय, हात दिसतात की मन?"

"आणि ही पूड?"

"रांगोळीसाठी."

"तू रांगोळी काढतोस?"

"मी नाही. आहे एक… मल्लेश्वरमला."

श्रीधररावांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. तोंड कारखान्यातून शिवून आलं होतं तसंच होतं. दोरा कुठे सुटला नव्हता. पुडी त्यांनी परत पेटीत ठेवली.

"झाकून ने," ते म्हणाले. "घामाने हात रंगतील. तिचा बाप भावसार असेल तर लगेच ओळखेल."

म्हणजे लाली दुसरीकडून येत होती.


हात

मल्लाप्पाच्या घरात चूल पेटलेली नव्हती. त्याची बायको चंद्राबाई दारातच बोलली.

"रायरे, याला सांगा काहीतरी. घरातली भांडी घासतोय. घासलेली परत घासतोय. तांब्याला भोक पडायची वेळ आली."

मल्लाप्पा मागच्या दारी बसला होता. राखेने हात सोलवटून निघाले होते.

"मल्लाप्पा, तू केलंस?"

"नाही."

"मग कुंकू उचल आणि मोकळा हो."

"मी केलं नाही हे मला माहीत आहे, रायरे. माझ्यामुळे झालं नाही, हे कुठे माहीत आहे?" तो तांब्या पालथा घालून बघत होता. "पिवळ्याच्या आधी राणी रंगाचा घाणा निघाला होता. काहील मीच घासली. संध्याकाळ होती. घाई झाली असेल. काठाखाली राहिला असेल रंग."

"दुसऱ्या वेळी पुन्हा घासलीस ना?"

"घासली."

"तिसऱ्या वेळी?"

"घासली. पण हात तोच ना."

श्रीधररावांनी आयुष्यात पुष्कळ खोटे लोक पाहिले होते. घरातली तिजोरी दाखवत नाहीत, गाय शेजारच्या गोठ्यात बांधतात. खरं बोलून फासात मान घालणारा माणूस त्यांच्या कामात कधी आला नव्हता.

"तू शुक्रवारी एवढंच म्हण, की…"

"तुम्ही म्हणाल का?" मल्लाप्पाने विचारलं. "माझ्या जागी?"


दोर

अंबुबाई विहिरीवर पाणी शेंदत होती. श्रीधरराव जरा लांब उभे राहिले.

"अक्का, तुमचं राहिलंय."

ती रहाटाकडे बघतच बोलली. "बायकांनी त्या दिवसांत रंगाच्या जागी जायचं नसतं. मी गेले. हे बाजारात होते, मल्लाप्पा जेवायला गेलेला, जाळ वाढला होता. काहील उतू गेली असती. मी लाकडं ओढली आणि बाहेर आले. यांना सांगितलं नाही."

"त्या दिवशी कोणता रंग होता?"

"जांभळा."

"तो बिघडला?"

"नाही." तिने पहिल्यांदाच मान वर केली. "अय्यो. नाही बिघडला की!"

"मग तुमचं काही चुकलं नाही, अक्का."

ती एकदम मोकळी होऊन हसली. कळशी झपकन वर आली. "एरवी या दिवसांत तळाशी खरवडावं लागतं. यंदा बघा ना. ऐन चैत्रात विहीर चढलीय. पाऊस नाही, काही नाही. देवीची कृपा."

श्रीधरराव विहिरीपाशी गेले. वाकून पाहिलं. पाणी जवळ होतं, शांत आणि काळं. रहाटावर उरलेला दोर वेटोळं करून पडला होता. कोणी तो खाली सोडला नव्हता बरेच दिवस. त्याच्यावर कोळ्याने जाळं धरलं होतं.

मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या अलीकडे खड्डा. पलीकडे सकवारबाईंची विहीर, फळ्या ठोकलेली.

उत्तर त्यांना तिथेच कळलं. आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हे कोणाला सांगितलंच नाही तर?


पांढरं रेशीम

सांगितलं नाही तर करार शाबूत राहत होता. श्रीधररावांचं नावही. मल्लाप्पा गल्लीतून गेला असता. लोक थोडे दिवस बोलले असते. ते घरी जाऊन आडवे झाले. उशीर झाला असेल असं वाटून उठले, तर ऊन अजून अंगणातच होतं.

ते तसेच पिराजीकडे गेले.

"दोन पातेली मांड. नवी. आजवर रंग न लागलेली. आणि पांढऱ्या रेशमाच्या दोन लड्या."

"रंग कोणता?"

"कोणताच नाही."

चौघंही आले. मल्लाप्पा दाराशी उभा राहिला, काहिलीपासून लांब. एका पातेल्यात पिराजीच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात सकवारबाईंच्या नळाचं. दोन्हींत रेशमाला रंग धरायला लागतं तेवढं आंबट. दोन्हींत एकेक लडी. खाली सारखा जाळ. पूड कोणाच्याही हातात नव्हती. श्रीधररावांनी सगळ्यांना हात पसरून दाखवायला लावले. पद्माकर म्हणाला, "काकांचे पण बघा." पिराजीने त्याच्याकडे डोळे वटारले, पण हात दाखवले.

पाणी उकळलं. पिराजीने काठीने लड्या वर काढल्या.

नळाची पांढरी होती. विहिरीची गुलाबी.

फार नाही. सकवारबाईंच्या भाताइतकीच.

"पाण्यात दिसत नाही," श्रीधरराव म्हणाले. "रेशीम ओढून घेतं म्हणून दिसतं. लालजांभळ्यात लपतं, पिवळ्यात लपत नाही."

"पण माझी विहीर इतकी वर्षं साफ होती!" पिराजी ओरडला. "खड्डा काय आजचा आहे?"

"खड्डा जुनाच आहे. नवं काय आहे ते बघ." ते जमिनीवर काठीने रेघ ओढू लागले. मध्ये खड्डा, दोन्हीकडे एकेक विहीर. "बाईंची खानावळ. सकाळ-संध्याकाळ पाणी उपसायच्या. किती माणसांचं जेवण, किती भांडी! जिकडे उपसा तिकडे जमिनीतलं पाणी धावतं. तुझ्या खड्ड्यातला रंग बाई ओढून घेत होत्या. तुझ्या विहिरीकडे तो येतच नव्हता. तुझा पिवळा बाईंच्या रहाटाने साफ ठेवला होता, पिराजी. मग आपण नळ दिला. फळ्या ठोकल्या. उपसा थांबला. पाणी चढलं, अक्कांना वाटलं देवीची कृपा. आता उपसणारा एकच राहिला. तू. तुझा रंग तुझ्याकडे आला."

सकवारबाई हलकेच म्हणाल्या, "अगं बाई. शापच की."

"शाप नाही. सौदा."

पिराजी खाली बसला. मग धंद्यातला माणूस त्याच्यात जागा झाला. "मग बाईंनी पुन्हा उपसावं. फळ्या काढू. काय हवं ते देतो."

"म्हणजे तुमचा मळ मी ओढत बसू, तुमचा पिवळा लखलखावा म्हणून?"

"पिऊ नका. उपसून नुसतं टाका."

"कुठे टाकू? गटारात? गटार कुठे जातं, अण्णा?"

सगळ्यांनी गल्लीच्या उताराकडे पाहिलं. खालच्या टोकाला मल्लाप्पाचं घर होतं.

"खड्डा बुजवावा लागेल," श्रीधरराव म्हणाले. "बाकी नंतर."


शुक्रवार

गल्लीतले रंगारी जमले, विणकरही आले. पिराजीने गुलाबी लडी सगळ्यांच्या हातून फिरवली. माना डोलल्या. एक म्हातारा म्हणाला, "सरी, ठीक आहे. सुटला मल्लाप्पा. रीत तेवढी होऊ दे. चिमूट उचल बाबा, आणि ये आमच्यात."

मल्लाप्पा पुढे आला. सोलवटलेला हात ताटावर धरला.

"बोल."

"विहिरीचं समजलं मला," तो म्हणाला. "पण पहिल्या वेळी काहील मी घाईत घासली होती. त्यातलं थोडं असेल. थोडं."

"अरे, सिद्ध झालंय!"

"तुमच्यापुढे झालंय." हात ताटावरच होता. "मला नाही उचलवत."

म्हातारा हताश होऊन इतरांकडे पाहू लागला. रीत मोडायची कशी? न उचलणाऱ्याला काहील नाही. असंच चालत आलेलं.

चंद्राबाई बायकांच्या घोळक्यातून ओरडली, "उचल की रे! उचल!"

तेव्हा पिराजी उठला. त्याने मल्लाप्पाचा हात धरून बाजूला केला, स्वतः ताटात बोटं घातली आणि मोठी चिमूट घेतली. सगळ्यांना वाटलं, तो त्याच्या वतीने बोलणार.

"माझ्यामुळे रंग बिघडला," पिराजी म्हणाला.

असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. विणकर ऐकत होते. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी तिथेच उभ्या होत्या.

"खड्डा माझा. माणसावर आळ घेतला तो मी. हा देवीपुढे खोटं बोलायला तयार नाही, आणि मी गल्लीभर खोटं बोलून आलो. आता ज्याला चिमूट हवी त्याने माझ्यासारखी घ्यावी. नको त्याने घेऊ नये. पण काहिलीवर उद्या मल्लाप्पा उभा राहील. तुमच्या नाही, तर माझ्या."

म्हाताऱ्याने ताटाकडे पाहिलं. "चिमूट उचलली गेली," तो शेवटी म्हणाला. "कोणी उचलली ते रीत विचारत नाही."

सकवारबाई पुढे झाल्या आणि त्यांनी चिमूट घेतली. मग अंबुबाईने घेतली, मग पद्माकरने. काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही. ताट फिरत श्रीधररावांपुढे आलं. मल्लाप्पा त्यांच्याकडेच बघत होता. रागाने नाही. नुसतं बघत होता.

श्रीधररावांनी हात पुढे केला.

*

नळाचा करार झाला त्या दुपारी पिराजीच्या ओट्यावर चार पाट मांडलेले होते. चौथा अंबुबाईने मल्लाप्पासाठी मांडला होता, कारण रंगाचं पाणी खड्ड्यात ओतायचा तो. श्रीधररावांनी तो पाट उचलून भिंतीला टेकवला, पाय पसरायला जागा व्हावी म्हणून.